सूर्यफूल कुलातील अवर्षणसहिष्णू देशी वनस्पतींची लागवड (गोंदिया जिल्हा)

सूर्यफूल कुलातील अवर्षणसहिष्णू देशी वनस्पती म्हणजे दीर्घकाळ पावसाशिवाय तग धरणाऱ्या, भारतीय द्वीपकल्पात नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या आणि ॲस्टरेसी कुलात मोडणाऱ्या वनस्पती होत. उंटकटारा, हस्तिपाद, पाथरी, सहदेवी व वांदररोटी ही त्यांची काही उदाहरणे आहेत. इंग्रजीत या कुलातील फुलांना सामान्यतः 'डेझी' म्हटले जाते. या वनस्पतींपैकी बहुतेक बहुवर्षायू असून त्या बियांपासून वाढवता येतात. मात्र थंड प्रदेशातील बागकामाच्या पुस्तकांत दिलेली पद्धत त्यांना लागू पडत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात चार महिने भरपूर पाऊस आणि आठ महिने जवळजवळ कोरडे हवामान असते. त्यामुळे येथे बी गोळा करणे, साठवणे, पेरणे व रोपे लावणे ही सर्व कामे या ऋतुचक्राशी जुळवून करावी लागतात.

कुलाची ओळख

ॲस्टरेसी हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या दोन कुलांपैकी एक आहे; दुसरे कुल ऑर्किडांचे. या कुलाचे जुने नाव कंपॉझिटी असे असून मराठीत त्याला सूर्यफूल कुल म्हणतात. जगभरात त्याच्या चोवीस हजारांहून अधिक जाती आहेत.

या कुलात जे एक 'फूल' म्हणून दिसते ते प्रत्यक्षात अनेक लहान फुलांचा दाट समूह असते. या समूहाला स्तबक म्हणतात. स्तबकाच्या कडेला पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके आणि मध्यभागी नळीसारखी बिंबपुष्पके असतात. सूर्यफुलात हे दोन्ही प्रकार स्पष्ट दिसतात. अनेक देशी जातींत मात्र एकच प्रकार आढळतो. हस्तिपाद, सहदेवी, उंटकटारा व वांदररोटी यांत किरणपुष्पके नसतात, तर पाथरीत सर्वच पुष्पके जिभेसारखी असतात. त्यामुळे या वनस्पती सूर्यफुलाच्या नातलग आहेत हे सहज ध्यानात येत नाही. याउलट किरण आणि बिंब असलेली, डेझीसारखी दिसणारी रस्त्याकडेची अनेक फुले अमेरिका खंडातून आलेली आहेत.

स्थानिक हवामान व मृदा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. उत्तरेला मध्य प्रदेश आणि पूर्वेला छत्तीसगड या राज्यांच्या सीमा आहेत. भात हे प्रमुख पीक असून जुन्या मालगुजारी तलावांमुळे हा परिसर ओळखला जातो.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे तो रूढ अर्थाने अवर्षणग्रस्त नाही. परंतु हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात येतो. ऑक्टोबरनंतर जमीन झपाट्याने सुकते आणि मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. येथे टिकणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतीला पावसाळ्यातील अतिओलावा आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा या दोन्ही टोकांच्या स्थिती एकाच वर्षात सोसाव्या लागतात. बागेत लावलेली रोपे उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात साचलेल्या पाण्यामुळे मरण्याचा धोका मोठा असतो.

स्थानिक शेतकरी जमिनीचे कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी असे प्रकार मानतात. कन्हार ही काळी व ओल धरून ठेवणारी जमीन आहे, तर बरडी ही उंचवट्यावरील लालसर, मुरमाड व पाण्याचा लवकर निचरा होणारी जमीन आहे. भातशेतीसाठी बरडी जमीन कमी प्रतीची समजली जाते. उंटकटाऱ्यासारख्या जातींना मात्र तीच मानवते. बांधीच्या आतील चिखलाची जमीन या वनस्पतींना योग्य नाही. धुऱ्याचा उंच भाग, टेकडीचा उतार किंवा घराजवळील मुरमाड जागा त्यांच्यासाठी अधिक उपयुक्त असते.

कोरडेपणा सोसण्याच्या पद्धती

या कुलातील देशी वनस्पती कोरड्या ऋतूतून वेगवेगळ्या मार्गांनी पार पडतात.

१. जमिनीखालील भाग जिवंत ठेवणे. हस्तिपाद व पाथरी यांची पाने उन्हाळ्यात वाळली तरी मुळांजवळचा जाड भाग जिवंत राहतो आणि पावसाच्या सुरुवातीला त्यातून नवी पाने फुटतात.
२. खोल सोटमूळ. उंटकटाऱ्याचे मूळ खोल जाऊन खालच्या थरातील ओल घेते. त्याच्या पानांच्या खालच्या बाजूस असलेली पांढरी लव बाष्पोत्सर्जन कमी करण्यास साहाय्य करते.
३. पाणी साठवणे. वांदररोटीचे खोड व पाने मांसल असून त्यांत पाणी साठवले जाते. कोरड्या दिवसांत ती पाने गाळते.
४. बीजरूपात राहणे. गोरखमुंडी, सोनकी यांसारख्या वर्षायू जाती एका हंगामात जीवनक्रम पूर्ण करून पुढील अनुकूल काळापर्यंत बीजरूपात राहतात. त्या कोरडेपणा सोसत नाहीत, तर टाळतात. त्यामुळे त्यांची गणना अवर्षणसहिष्णू बहुवर्षायू वनस्पतींत होत नाही.

प्रमुख जाती

उंटकटारा: शास्त्रीय नाव एकायनॉप्स एकिनॅटस. दख्खन व मध्य भारतातील कोरड्या, पडीक जमिनीत ही काटेरी वनस्पती आढळते. ती बहुधा बहुवर्षायू असते. काही परिस्थितीत एका वर्षात तिचा जीवनक्रम संपतो. तिचे चेंडूसारखे गोल स्तबक प्रत्यक्षात अनेक एकपुष्पी स्तबकांचे बनलेले असते. फुलोरा हिवाळ्यात येतो. उंट तिचा पाला आवडीने खातात, त्यावरून हे नाव पडले असे मानले जाते.

हस्तिपाद: शास्त्रीय नाव एलिफंटोपस स्केबर. लिनीअस याने १७५३ मध्ये या जातीचे वर्णन केले. हिची खरखरीत पाने जमिनीला चिकटून गोलाकार पसरतात. द्विशाखी दांड्याच्या टोकाला पानासारख्या तीन छदांच्या आधारावर जांभळट फुले येतात. मध्य भारतातील पानझडी जंगलांत विरळ सावलीत ती वाढते. त्यामुळे झाडाखालील जागेसाठी ती विशेष योग्य ठरते.

पाथरी: शास्त्रीय नाव लौनिया प्रोकंबेन्स. शेताच्या कडेला व गवताळ जागी वाढणारी, पिवळ्या फुलांची ही लहान वनस्पती आहे. पान तोडल्यास पांढरा चीक निघतो. महाराष्ट्रात 'पाथरी' हे नाव काही ठिकाणी हस्तिपादासाठीही वापरले जाते. त्यामुळे केवळ स्थानिक नावावरून बी घेतल्यास भलतीच जाती हाती येऊ शकते.

सहदेवी: शास्त्रीय नाव सायँथिलियम सिनेरियम, पूर्वी तिचा समावेश व्हर्नोनिया प्रजातीत होत असे. ही वर्षायू किंवा अल्पकाळ टिकणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. लहान जांभळी फुले व पांढऱ्या केसांचे झुपके जवळजवळ वर्षभर दिसतात. बियांपासून वाढवण्यास ती या गटात सर्वांत सोपी आहे.

वांदररोटी: शास्त्रीय नाव क्लायनिया ग्रँडिफ्लोरा; पूर्वीचे नाव नोटोनिया ग्रँडिफ्लोरा. दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवर वाढणारे हे मांसल झुडूप आहे. स्तबके फिकट पिवळसर असतात. ती बियांपासून होत असली तरी फांदीच्या तुकड्यापासून अधिक लवकर वाढते.

देशी व विदेशी जातींतील फरक

बी गोळा करताना होणारी सर्वांत गंभीर चूक म्हणजे विदेशी आक्रमक जातीला देशी समजणे. सूर्यफूल कुलातील अनेक तणे मूळची अमेरिका खंडातील आहेत. एकदांडी किंवा दगडीपाला, ओसाडी, रानमोडी, पिवळा-नारिंगी कॉसमॉस आणि गाजरगवत ही त्यांपैकी सर्वपरिचित होत. गाजरगवताची भारतातील ठळक नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली. त्यानंतर ते देशभर पसरले. त्याच्या संपर्काने अनेकांना त्वचारोग होतो. कॉसमॉसचे बी मात्र शोभेच्या फुलांचे म्हणून आजही मुद्दाम पेरले जाते. झेंडू व शेवंती यांनाही महाराष्ट्राच्या सणावारांत स्थान असले तरी झेंडू मूळचा मेक्सिकोकडील आणि शेवंती चीनकडील आहे.

पानांच्या मांडणीवरून प्राथमिक ओळख पटवता येते. एकदांडी, ओसाडी, रानमोडी व कॉसमॉस यांची पाने खोडावर समोरासमोर येतात. वर वर्णिलेल्या पाचही देशी जातींची पाने एकाआड एक किंवा जमिनीलगत गुच्छात असतात. गाजरगवताची पानेही एकाआड एक असतात. परंतु ती गाजराच्या पानांप्रमाणे बारीक विभागलेली असल्याने वेगळी ओळखता येतात.

उंटकटाऱ्याची गल्लत पिवळ्या धोतऱ्याशी होते, कारण दोन्हींची पाने काटेरी असतात. पिवळा धोतरा हा अफूच्या कुलातील विदेशी वनस्पती असून त्याचे खोड तोडल्यास पिवळा चीक येतो. त्याचे बी विषारी असते. फूल आल्याशिवाय व ओळख पक्की झाल्याशिवाय कोणत्याही झाडाचे बी घेऊ नये, हा यावरील साधा उपाय आहे.

बियांचे स्वरूप व संकलन

या कुलात ज्याला बी म्हटले जाते ते वनस्पतिशास्त्रीय दृष्टीने फळ आहे. त्याला संकृत्स्नफळ म्हणतात. या कोरड्या, न तडकणाऱ्या फळात एकच बी असते. पाथरी, सहदेवी व वांदररोटी यांच्या फळांच्या टोकाला मऊ केसांचा झुपका असतो आणि त्यामुळे ती वाऱ्याने दूर जातात. हस्तिपादाच्या फळावर मोजके ताठ केस असतात. उंटकटाऱ्याचे फळ काटेरी छदांत बंदिस्त राहते.

केसांचा झुपका छत्रीसारखा उघडला की फळ पक्व झाले असे समजावे. ही अवस्था अल्पकाळ टिकते व जोराचा वारा आल्यास सर्व बी उडून जाते. म्हणून सकाळी दव सुकल्यावर स्तबके तोडून कागदी पिशवीत ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा साचून बुरशी येते. एका स्तबकातील सर्व फळे एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने पुन्हा संकलन करावे लागते. उंटकटाऱ्याचे गोळे हातमोजे घालून काढावेत.

या कुलातील अनेक जाती स्वतःच्या परागाने फलित होत नाहीत. एकाकी झाडावर फुले भरपूर आली तरी त्यांतील पुष्कळ फळे पोकळ राहू शकतात. पोकळ फळ नखाखाली सहज चेपले जाते. भरलेले फळ टणक लागते. सुपात पाखडल्यासही हलकी फळे वेगळी होतात. पाण्यात बुडवून परीक्षा करण्याची भाताच्या बियाण्यासाठीची पद्धत येथे विश्वसनीय नाही, कारण केसांत अडकलेल्या हवेमुळे चांगले बीही तरंगते. शक्य तेवढ्या अधिक झाडांवरून थोडे थोडे बी घेतल्यास संततीत विविधता राहते आणि मूळ ठिकाणची संख्याही घटत नाही.

कायदेशीर बाबी

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये व नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. या क्षेत्रांचा समावेश असलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये अस्तित्वात आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती किंवा त्यांचे भाग नेता येत नाहीत. बीही त्यात येते. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये पारंपरिक हद्दीतील गौण वनोपजावर वनवासी समूहांचे हक्क मान्य झाले आहेत. त्यामुळे अशा क्षेत्रात ग्रामसभेची संमती महत्त्वाची ठरते. रस्त्याची कडा, स्वतःचा धुरा, गावाजवळील पडीक जमीन ही संकलनाची सोयीची ठिकाणे आहेत.

साठवण व सुप्तावस्था

गोळा केलेले बी सावलीत आठ-दहा दिवस सुकवून हवाबंद काचेच्या बरणीत ठेवतात. तळाशी कोरडी राख किंवा भाजून थंड केलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवल्यास ओलावा शोषला जातो. बियांच्या आयुष्याबाबत हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम प्रसिद्ध आहे. त्यानुसार बियांतील ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने कमी झाल्यास बियांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. पावसाळ्यातील दमट हवेत उघड्या पुडीत राहिलेले बी लवकर निकामी होते. बरणीवर जातीचे नाव, ठिकाण व संकलनाचा महिना लिहिणे आवश्यक आहे.

काही जातींचे ताजे बी लगेच रुजत नाही. कोरड्या व उष्ण स्थितीत काही महिने राहिल्यावर त्याची सुप्तावस्था सुटते. हिवाळ्यात पडलेले बी पावसाळ्यापर्यंत थांबण्याची ही नैसर्गिक व्यवस्था आहे. हिवाळ्यात अवेळी पाऊस आला आणि बी लगेच रुजले, तर पुढील उन्हाळ्यात कोवळी रोपे मरून जातील.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील कोनफ्लॉवरसारख्या जातींचे बी पेरण्यापूर्वी काही आठवडे ओलसर वाळूत व शीतपेटीत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. त्या जातींना बर्फाळ हिवाळ्याची सवय असल्याने हा उपचार त्यांना आवश्यक असतो. ऑस्ट्रेलियातील वणव्याच्या प्रदेशातील काही जातींना धुराचा उपचार उपयोगी पडतो. गोंदियाच्या परिसरातील जातींना कडक हिवाळ्याचा अनुभव नसतो, म्हणून त्यांच्यासाठी शीतपेटीची गरज नाही. कोरड्या साठवणीत काढलेला उन्हाळा हाच त्यांचा पूर्वोपचार होय.

पेरणी

पेरणीची मुख्य वेळ मे अखेर ते मृग नक्षत्राचा काळ ही आहे. या वेळी पेरल्यास रोपे जुलै-ऑगस्टमध्ये लावता येतात आणि पाऊस थांबण्यापूर्वी मुळे रुजण्यास सहा ते आठ आठवडे मिळतात. ऑगस्टनंतर पेरलेल्या रोपांना पहिला उन्हाळा जड जातो.

माती, वाळू व पूर्ण कुजलेले खत यांचे मिश्रण वापरतात. त्यात खताचे प्रमाण कमी आणि वाळूचे अधिक ठेवतात. सुपीक मातीत रोपे लुसलुशीत वाढतात, पण मुळे उथळ राहतात. भाताचे पऱ्हे टाकतात त्याप्रमाणे चिखल करून पेरणी करू नये. उंच गादीवाफा किंवा तळाला छिद्रे असलेली पसरट कुंडी घ्यावी.

बारीक बियांना रुजण्यासाठी बहुधा प्रकाश लागतो. सहदेवी, पाथरी व हस्तिपाद यांचे बी पृष्ठभागावर विरळ पसरून हलकेच दाबावे व त्यावर वाळूचा अगदी पातळ थर द्यावा. उंटकटाऱ्याचे बी काटेरी आवरणातून मोकळे करून सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरतात. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळल्यास पेरणी सारखी होते.

झारीच्या धारेने किंवा पहिल्या जोरदार सरीने बी वाहून जाते. त्यामुळे कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून ओल देतात व वर बांबूच्या तट्ट्याचे छत करतात. छत दोन्ही बाजूंनी उघडे असावे. हवा कोंडल्यास रोपांची मर होते. रोप जमिनीलगत काळे पडून कोलमडते. हा रोग मातीतील बुरशींमुळे होतो. विरळ पेरणी, मोकळी हवा व बेताचे पाणी हे त्यावरचे मुख्य उपाय आहेत.

पुनर्लागवड व पहिले वर्ष

चार ते सहा पाने आल्यावर रोपे ढगाळ दिवशी सायंकाळी लावतात. उंटकटाऱ्याचे सोटमूळ दुखावल्यास रोप सहसा सावरत नाही. म्हणून त्याचे बी थेट कायम जागी किंवा खोल पिशवीत पेरणे श्रेयस्कर असते. हस्तिपाद व पाथरी यांत २५ ते ३० सेंटिमीटर, तर उंटकटाऱ्यात ६० सेंटिमीटर अंतर पुरेसे होते. पाणी साचणाऱ्या जागी मुरूम टाकून उंचवटा करावा.

बहुवर्षायू जातींची पहिल्या वर्षीची वाढ मुख्यतः जमिनीखाली होते. वर केवळ पानांचा लहान गुच्छ दिसतो आणि अनेकदा फूल दुसऱ्या पावसाळ्यानंतरच येते. सहदेवी याला अपवाद असून ती काही महिन्यांतच फुलते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पंधरवड्यातून एकदा खोलवर पाणी दिल्यास मुळे खाली जातात. रोज थोडे पाणी दिल्यास ती पृष्ठभागाजवळच राहतात.

मार्चनंतर पाने पिवळी पडून वाळतात. हे रोप मेल्याचे लक्षण नाही. या अवस्थेत भरपूर पाणी दिल्यास तापलेल्या ओल्या मातीत मूळ कुजण्याची शक्यता असते. वाळलेले रोप उपटून न टाकता त्या जागी खूण करून ठेवावी व जुलैपर्यंत वाट पाहावी. पालापाचोळ्याचे आच्छादन मूळ भागाचे उष्णतेपासून रक्षण करते. मोकाट गुरांपासून आणि मोहफुले वेचण्याच्या काळात लागणाऱ्या आगीपासून जपण्यासाठी आच्छादनाभोवती मोकळी पट्टी ठेवतात.

महत्त्व व मर्यादा

स्तबकातील अनेक लहान फुले क्रमाक्रमाने उमलत असल्याने मधमाश्या, फुलपाखरे व इतर कीटकांना दीर्घकाळ मकरंद व पराग मिळतो. भाताची कापणी झाल्यावर शिवारात फुलांची संख्या घटते. त्या काळात धुऱ्यावरील उंटकटारा व पाथरी यांचे महत्त्व वाढते. धुरे अरुंद करणे, तणनाशकांची फवारणी व विदेशी तणांचा प्रसार यांमुळे अशा जागा कमी होतात. बियांपासून केलेली लागवड हा तेथे देशी जाती परत आणण्याचा कमी खर्चाचा मार्ग आहे.

या वनस्पतींपैकी सहदेवी व उंटकटारा पिकांत तण म्हणूनही वाढतात. त्यामुळे त्यांची लागवड पिकाच्या शेतात करणे योग्य नाही. सहदेवी भारताबाहेर अनेक देशांत आक्रमक ठरली आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक जातींचा पारंपरिक औषधांत वापर होतो. परंतु या कुलातील काही वनस्पतींत, विशेषतः सोनकीच्या गटात, यकृताला घातक अल्कलॉइडे असतात. त्यामुळे लागवडीतील वनस्पतींचा तज्ज्ञांच्या सल्ल्याविना औषध म्हणून वापर करणे धोक्याचे असते.

हे सुद्धा पहा

सूर्यफूल कुल
गोंदिया जिल्हा
नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
गाजरगवत
गोरखमुंडी